जन्मतारीख कशाला पाहिजे?

"आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो."

एवढं एक वाक्य वहीत लिहिलं आणि पुढं दोन दिवस पेन हललं नाही.

काम भाच्याचं. धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याच्या आजोबांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. हा तीच हळद दळून डब्यात भरतो आणि वेबसाइटवर विकतो. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, थोडं बंगळुरात नोकरीला गेलेलं आपलंच माणूस. परवा आला तो कागदांची चवड घेऊनच. "मावशी, साइटला मराठीत प्रायव्हसी पॉलिसी पाहिजे. इंग्रजीतली तयार आहे, तू फक्त मराठी करून दे की."

इंग्रजीतली बारा पानं होती. कुठल्यातरी परदेशी कंपनीची उचलून, नाव तेवढं बदललेलं. सातव्या पानावर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क तसेच राहून गेले होते. हरिपूर रोडवरच्या गोदामातून निघणाऱ्या हळदीला कॅलिफोर्नियाचा कायदा! मी हसले, तो ओशाळला, आणि म्हणाला, "कोण वाचतंय मावशी ते."

ते खरंच होतं. मीही आजवर कधी वाचलेलं नाही. 'मला मान्य आहे' वर बोट ठेवायचं आणि पुढं जायचं. पण वाचणं वेगळं आणि मराठीत आणणं वेगळं. भाषांतर करताना प्रत्येक वाक्याला विचारावं लागतं, बाबा, तुला नक्की म्हणायचंय काय? तिसऱ्याच वाक्याशी मी अडले. 'आपली माहिती आमच्या विश्वासू भागीदारांना दिली जाऊ शकते.'

"विश्वासू भागीदार म्हणजे कोण रे?"

"असंच असतं ते सगळीकडं."

"नावं सांग."

गप्प.

मराठीतही 'दिली जाऊ शकते', 'करण्यात येईल' असं लिहिता येतं, येत नाही असं नाही. सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, परिपत्रकांतून दुसरं वाचलं काय? पण घरात कुणी म्हणतं का, 'दूध सांडण्यात आले आहे'? घरात विचारतात, कुणी सांडलं. मी भाच्याला म्हटलं, मी परिपत्रकाचं मराठी लिहिणार नाही. तुझ्या आजीला वाचून दाखवता येईल असं लिहीन. त्यासाठी तू काय घेतोस, कशाला घेतोस, कुणाला देतोस ते आधी मला सांग. रविवारी ये, जेवायलाच ये.

खरं तर 'गोपनीयता' हा शब्द मला नवा नव्हता. बँकेत रुजू झाले त्या दिवशी पगाराचा कागद नंतर मिळाला, आधी गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतली. तेव्हा त्याचं हसू आलं होतं. सहा महिन्यांत कळलं की सांगलीसारख्या गावात काउंटरच्या आत बसणं म्हणजे काय असतं. कुणाच्या पाटल्या तारणाला आहेत, कुणाचा हप्ता तीन महिने थकलाय, कुणी बायकोला न सांगता वेगळं खातं काढलंय, हे सगळं मला ठाऊक. आणि संध्याकाळी तीच माणसं गणपतीच्या देवळात प्रदक्षिणेला पुढं-मागं. आपल्या गावात काही आकडे सगळ्यांचे असतात. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत असायला लागतं, २०१९ च्या पुरात तर आम्ही त्याच एका आकड्यावर जगलो. पण पाटल्यांचा आकडा एकाच बाईचा असतो. तो माझ्या डोळ्यांसमोर आला म्हणून माझा होत नाही.

रविवारी आमटी-भातानंतर वही उघडली.

पहिलं सोपं होतं. नाव, पत्ता, फोन. त्याशिवाय डबा पोचायचा कसा? मी लिहिलं, 'डबा पोचवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घेतो. तो कुरिअरवाल्याला देतो, कारण डबा तोच आणतो.' भाचा म्हणाला, हे फारच साधं वाटतंय. मी म्हटलं, साधंच आहे.

मग पैसे. मला धास्ती होती की हा लोकांचे कार्ड नंबर कुठं साठवून ठेवतो की काय. तर म्हणे, ठेवताच येत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्ड नंबर साठवायला बंदीच केली आहे. त्याच्या जागी टोकन असतं. नंबराऐवजी दुसराच एक आकडा, जो त्या एका दुकानाबाहेर कुणाला उपयोगाचा नाही. टोकन म्हटल्यावर मी एकदम खुलले. आमच्याकडं पितळी बिल्ले होते, पावलीएवढ्या जाडीचे. पैसे काढायची स्लिप काउंटरवर दिली की हातात बिल्ला, आणि कॅशियरनं नंबर पुकारला की बिल्ला द्या, पैसे घ्या. बिल्ल्यावर तुमचं नाव नाही, रक्कम नाही, काही नाही. रस्त्यात पडला तर उचलणाऱ्याला नुसतं पितळ.

"कुकीपण तशीच की," भाचा म्हणाला.

ही कुकी मला फार दिवस छळत होती. जिथं जावं तिथं 'आम्ही कुकीज वापरतो' म्हणून पाटी आडवी. त्यानं समजावलं ते असं. वेबसाइटला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावर हळदीचा डबा पिशवीत टाकला आणि दुसऱ्या पानावर गेलात, की तिच्या दृष्टीनं तुम्ही नवीनच माणूस. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुण इंजिनिअरनं युक्ती काढली. साइटनं गिऱ्हाइकाच्या संगणकात एक छोटी चिठ्ठी ठेवायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती दाखवायला सांगायची. खरेदीची पिशवी लक्षात राहावी, एवढ्याचसाठी. म्हणजे आमचा बिल्लाच. यात वाईट काय, असं मी म्हटलं, आणि तिथंच माझी फसगत होती.

कारण त्याच्या साइटवर बिल्ले देणारा तो एकटा नव्हता. साइट बनवून देणाऱ्या पोरानं एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या कोडाच्या चार ओळी पानात टाकून ठेवल्या होत्या. सगळेच टाकतात म्हणून. त्यामुळं गिऱ्हाईक भाच्याच्या दुकानात आलं की त्या कंपनीचाही बिल्ला त्याच्या खिशात पडायचा. तेच माणूस मग बातम्या वाचायला गेलं, औषधाच्या दुकानात गेलं, स्थळं बघायला गेलं, तिथंही त्याच कंपनीच्या चार ओळी. तिथंही तोच बिल्ला दाखवला जातो. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं: गणपती पेठेत एक माणूस प्रत्येक दुकानात एकाच वेळी बसलाय, पेढीवर, औषधवाल्याकडं, साडीच्या दुकानात. तुमचं नाव त्याला माहीत नसेलही. पण हळद घेऊन गेलेली बाई नंतर मधुमेहाच्या गोळ्यांचे भाव बघत होती, हे त्याच्या वहीत आहे. आणि त्याला दुकानात बसवलंय कुणी? भाच्यानं. कशासाठी? तेही भाच्याला धड माहीत नव्हतं.

"विश्वासू भागीदार ते हेच का?" मी विचारलं.

तो कान खाजवत म्हणाला, "हेच बहुतेक."

मी वहीत लिहून दाखवलं: 'तुम्ही आमच्याकडं हळद बघितली, हे आम्ही एका जाहिरात कंपनीला कळवतो. ती पुढं त्याचं काय करते ते आम्हाला ठाऊक नाही.' भाच्यानं वाक्य दोनदा वाचलं. "असं लिहिलं तर कोण घेईल हळद?" मग मी काय करू? खोटं लिहू? त्यानं साइटवाल्या पोराला तिथल्या तिथं फोन लावला. त्या चार ओळी काढल्या तर काय बिघडेल? पोरगं म्हणालं, काही नाही, जाहिराती करणार नसाल तर. आणि हा जाहिराती करतच नव्हता! दोन वर्षं फुकट बसवून ठेवला होता माणूस.

पासवर्डाच्या जागी मात्र भाच्यानं मला जिंकलं. "लोकांचे पासवर्ड आमच्याकडं नसतातच," म्हणाला. मग ओळखता कसं? त्यानं जे सांगितलं ते मी हळदीच्या घरातल्या माणसाला कळेल असं करून घेतलं. पासवर्ड म्हणजे हळकुंड. साइट ते ठेवत नाही. लगेच दळते आणि पूड ठेवते. हळकुंडाची पूड होते, पुडीचं हळकुंड होत नाही. पुढच्या वेळी तुम्ही हळकुंड दिलंत की पुन्हा दळायचं आणि दोन्ही पुडी ताडून बघायच्या. जुळल्या तर दार उघडायचं. आता चोरही शहाणे. लोक ठेवतात ते नेहमीचे पासवर्ड त्यांनी आधीच दळून पुड्या बांधून ठेवलेल्या असतात. म्हणून दळताना प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं मीठ टाकायचं. मी गंमत करत नाही, त्या लोकांचा शब्दच 'सॉल्ट' आहे. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पूड निराळी, आणि चोराच्या बांधलेल्या पुड्या वाया. तरीही तुम्ही वाढदिवसाची तारीखच पासवर्ड ठेवली असेल तर तो प्रत्येकाचं मीठ टाकून नव्यानं दळत बसेल आणि तुमच्यापर्यंत पोचेल. त्याला इलाज नाही.

पत्त्यापुढच्या कुलपाच्या चिन्हाचंही विचारलं. ते कुलूप फक्त रस्त्याचं, म्हणाला. तुमच्यापासून साइटपर्यंत मजकूर बंद पाकिटातून जातो, मध्ये कुणी वाचत नाही. पण पाकीट ज्याच्या हातात पडतं तो सज्जन आहे असं ते कुलूप सांगत नाही. लोकांना तसं वाटायला लागलं म्हणूनच क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

आणि मग जन्मतारीख आली.

त्याच्या फॉर्मात नाव-पत्त्याच्या खाली तीन चौकटी होत्या: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, पिनकोड. पिनकोड पत्त्यासाठी लागतोच. बाकीच्या दोन?

"जन्मतारीख कशाला पाहिजे?"

"वाढदिवसाला कूपन पाठवतो की. दहा टक्के."

"आणि बाई का बाप्या ते?"

"ते... होतं आधीपासून."

निरुपद्रवी वाटतात ना? मलाही वाटल्या. पण याच तीन चौकटींची एक गोष्ट आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, म्हणजे चिंता नाही, अशी ग्वाही होती. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिनं केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. त्यांच्या जन्मतारखेची माणसं शहरात सहा, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकच. पुढं २००० साली तिनं हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तिघांवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. आपल्याकडं एका पिनकोडात माणसं फार जास्त, तो आकडा इथं तसाच लावता येणार नाही. पण दहा टक्के कुपनासाठी एवढं गोळा करायचं?

मी लिहून दाखवलं, 'तुमची जन्मतारीख आम्ही घेतो, कारण चौकट आधीपासून होती.' भाचा हसायला लागला. "काढतो, मावशी, काढतो."

असं करत बारा पानांची दीड पानं झाली. भाषांतर करायला बसले होते आणि गोदाम साफ करून उठले.

कायद्याचं मी नंतर वाचून घेतलं. निवृत्त माणसाला वेळच वेळ. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहितीची नीट राखण केली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो; हा आकडा ऐकून भाच्याला घाम फुटला. सूचना साध्या भाषेत हवी, आणि इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांतून वाचायची सोय हवी. मराठी पॉलिसीची घाई त्याचीच होती. तीन गोष्टी मला आवडल्या. एक, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणं सोपं हवं. दुसरी, नॉमिनी! आपल्या पश्चात आपल्या माहितीचे हक्क कुणी बजावायचे ते नेमून ठेवता येतं. ठेवीच्या फॉर्मावर नॉमिनीची चौकट रिकामी सोडणाऱ्यांशी मी जन्मभर भांडले, त्यामुळं हे कलम वाचून घरची कुणी भेटल्यासारखं झालं. आणि तिसरी, या कायद्यात माणसाला सरसकट 'ती' म्हटलं आहे. बाई असो, पुरुष असो, ती. इतकी वर्षं 'तो'मध्ये आम्ही धरलेल्या असायचो, आता थोडे दिवस 'ती'मध्ये ते राहतील.

पण कायद्याच्या आधीही एक म्हातारा माणूस होता. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शहाऐंशीव्या वर्षी आपण काय करू, असं मी स्वतःला विचारून बघितलं. उत्तर देत नाही.

पुढच्या रविवारी भाचा पुन्हा आला, चेहरा पडलेला. एकाचा फोन आला होता. मसाले विकणारा कुणीतरी. तुमच्याकडं हळद घेणाऱ्यांची यादी आहे, माझ्याकडं मसाला घेणाऱ्यांची. अदलाबदल करू, वर थोडे पैसेही देतो. भाच्याकडं साडेतीन हजार नंबर. त्यातले निम्मे पाच वर्षांपूर्वी एका दिवाळीत एकदाच डबा घेऊन गेलेले.

लहानपणी आजोबांबरोबर खरसुंडीच्या यात्रेला जायचे, खिलार बैल बघायला. सौदा बोलून होत नसे. दोघं एकमेकांचा हात धरायचे, वर उपरणं टाकायचं, आणि आत बोटांनी भाव चालायचा. आजूबाजूला गर्दी, पण आकडा दोघांनाच. बैल तिथंच शेजारी रवंथ करत उभा. तो फोन ऐकताना मला तो बैल आठवला.

"तू काय म्हणालास?"

"विचार करून सांगतो म्हणालो." मग थोड्या वेळानं, "देणार नाही गं."

लगेच नाही म्हणाला नव्हता, हे मी ऐकून ठेवलं, बोलले नाही. जुने नंबर मात्र जपून कशाला ठेवलेस, हे विचारलं. त्याच्या घरात हे पिढीजात आहे. आजोबा हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायचे. तोंड अरुंद, आत पुरुषभराहून पुष्कळ खोल कणगीच जमिनीत. कीड नाही, वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. भाव येईपर्यंत झाकून ठेवायची. हा नंबरांचं तसंच करत होता. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं ते आजोबांनी बघितलं होतं. नुकसान झालं ते त्यांचं आणि शेतकऱ्यांचं. भाच्याचं पेव फुटलं तर नुकसान साडेतीन हजार लोकांचं, आणि त्यांना पेवात आपलं काही आहे हेच माहीत नाही. त्यानं दोन वर्षांत न फिरकलेले नंबर पुसले. 'दोन वर्षं काही घेतलं नाहीत तर तुमचा नंबर आम्ही पुसतो,' एवढं माझ्या दीड पानात वाढलं.

आता एक गोष्ट, जी मी भाच्याला सांगितली नव्हती.

सही केलेलं ते प्रतिज्ञापत्र मी एकदा मोडलंय. चोरीमारीनं नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुदतीआधी मोठी ठेव मोडली. अर्जावर कारण लिहिलं होतं, ते वाचून मला वाईट वाटलं. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. वाईट वाटलं म्हणूनच सांगितलं. आमच्यांनाही वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ भेटले तेव्हा यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "काही मदत लागली तर सांगा हं."

एवढंच. एका तोंडातून एका कानात, आणि मायेनं. त्यांनी यांच्याकडं बघितलं, मग नुसती मान हलवली. त्या महिन्यात त्यांनी खातं बंद केलं. काउंटरला माझ्यासमोरच आले, पासबुक सरकवलं, सही केली. मी काही बोलले असते तर त्यांनी ऐकूनही घेतलं असतं कदाचित. मी शिल्लक मोजून दिली आणि पितळी बिल्ला परत घेतला.

हा लेख छापायच्या आधी भाच्याला वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात त्या गृहस्थांचा धंदा लिहिला होता, गल्ली लिहिली होती, ठेवीची रक्कम आणि अर्जावरचं कारणही होतं. मी आधीच सगळं खोडलं होतं, फक्त ते यांना कुठं भेटले तेवढं ठेवलं होतं, गोष्टीला जागा लागते म्हणून. भाच्यानं वाचून कागद खाली ठेवला.

"मावशी, यावरनं कळतंय कोण ते."

मग ती जागाही काढली.